अंगठा, पावती आणि दामाजीपंत

 

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३ ते १६.

तेरावा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. भाव साधा आहे. वाटून झाल्यावर उरलेलं जो खातो तो दोषातून सुटतो आणि जो फक्त स्वतःपुरती चूल पेटवतो त्याच्या घासात दोषच असतो. मी हा श्लोक इंजिनिअरिंगला असताना पाठ केला. तेव्हा त्याचा अर्थ 'घरून आलेला डबा रूमवरच्या पोरांना विचारून खावा' इतकाच लावला होता. हॉस्टेलवर तेवढा अर्थ पुरायचाही.

गेल्या महिन्यात गावी जाऊन आलो आणि हा श्लोक पुन्हा उघडून बसावं लागलं. आजचं चिंतन नेहमीपेक्षा लांब झालंय. चहा घेऊन बसा.

माझं गाव मैंदर्गी. सोलापूर जिल्ह्यातला अक्कलकोट तालुका, पलीकडे लगेच कर्नाटक. आमच्याकडे शाळेत मराठी आणि ओट्यावर कन्नड. रस्त्यात कुणी भेटलं की तब्येत नंतर विचारतात, आधी विचारतात, "ऊट आतेनु?" म्हणजे जेवण झालं का? उत्तर ठरलेलं असतं, "आतु." झालं. जेवण झालेलं असो वा नसो, उत्तर तेच. हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहते. सगळे तिला अव्वा म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कामासाठी बाहेर पडला तो परतलाच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात खुरपणी, ज्वारीची काढणी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या मामेभावानं आणि त्याच्या सात-आठ मित्रांनी गावात धान्याची पाकिटं वाटली. पीठ, तूरडाळ, तेल, मीठ, चटणी. पैसे आम्ही पुण्यातून पाठवत होतो. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर मी आवाहन टाकलं होतं आणि पोरांनी हात सैल सोडून पैसे दिले.

आता लाजिरवाणा भाग. मी भावाला सांगितलं, "प्रत्येक पाकिटाबरोबर फोटो पाठव. लोकांना दिसायला हवं पैसा कुठे गेला." त्यानं पाठवले. त्यात एक फोटो अव्वाचा होता. पाकीट हातात होतं आणि पदर पार नाकापर्यंत ओढलेला. मी तो ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागली. मलाही बरं वाटलं. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. "दादा, फोटो बंद करतो. अव्वा दार उघडत नाही. म्हणते, आमचं जेवण झालंय."

'आतु' हा शब्द भूक लपवायलाही वापरतात, हे त्या दिवशी कळलं. आणि ती भूक लपवायची वेळ तिच्यावर माझ्यामुळे आली होती.

भावाचा गट तिथे थांबला नाही. पोरं सगळी पंचविशीच्या आतबाहेरची. एक जण ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, एक शिकवण्या घेतो, दोघं शेती करतात. पाकिटं वाटताना त्यांनी वहीत नावं लिहून घेतली होती. लॉकडाऊन उठल्यावर ती वही काढून बसले आणि एकच प्रश्न धरला : ज्यांना पाकीट द्यावं लागलं, त्यांना रेशन का मिळत नव्हतं? उत्तरं रटाळ निघाली. कुणाचं नाव जुन्या केशरी कार्डावर होतं, पण ऑनलाइन चढलेलंच नव्हतं. कुणाची सासऱ्याच्या कार्डातून फोड झाली नव्हती. कुणाचं सगळं बरोबर होतं, पण तालुक्याचा इष्टांक भरलेला, म्हणजे कायद्यानं जितकी माणसं बसतात तितकी आधीच बसलेली. आणि अव्वासारख्या काही जणींचा अंगठाच यंत्राला पटत नव्हता. ज्या बोटांनी पन्नास वर्षं खुरपं धरलं, त्यांच्यावर रेषा कुठून उरणार?

तेव्हापासून ही पोरं हेच करतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, अर्ज, पोचपावती. महिन्यातून एकदा लोकशाही दिनाला यादी घेऊन उभी राहतात. माहिती अधिकारात विचारतात की कुठली नावं वगळली आणि का. सध्या त्यांची एक छोटी मागणी आहे : अंगठा जुळला नाही म्हणून ज्याला परत पाठवलं, त्याची दुकानात लेखी नोंद व्हावी. एवढंच. अजून ती मान्य झालेली नाही.

इथून आजचा प्रश्न सुरू होतो. भुकेल्याला जेवू घालणं पुण्याचं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण भुकेल्याला माझ्या पुण्याची गरजच पडू नये म्हणून झटणं, याला काय म्हणायचं? ही भक्ती आहे, समाजकार्य आहे की नुसती कारकुनी?

आमच्या सत्संगातल्या एका काकांना मी हे विचारलं. ते वयानं आणि साधनेनं मोठे आहेत. म्हणाले, "अरे, फॉर्म भरणं सरकारचं काम. सेवा म्हणजे आपल्या हातानं वाढणं. समोरच्यात देव दिसला पाहिजे. टेबलाच्या पलीकडे काय देव दिसणार?"

हे बोलणं मी उडवून लावू शकत नाही, कारण त्यामागे मोठी परंपरा आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात रंतिदेवाची कथा येते. अठ्ठेचाळीस दिवस अन्नपाण्यावाचून गेलेला राजा. शेवटी ताट समोर आलं आणि एकामागून एक भुकेले दारात आले. त्यानं अन्न दिलं, उरलं ते दिलं, घोटभर पाणी राहिलं होतं तेही दिलं. प्रत्येकात त्याला हरीच दिसला. ही नजर कुठलाही कायदा देऊ शकत नाही. आमच्या अक्कलकोटात स्वामींच्या स्थानी अन्नछत्र मंडळ १९८८ पासून चालू आहे. तिथे पंगतीत बसलेला माणूस कोण, कुठला, कुणी विचारत नाही. मी लहानपणापासून तिथे जेवलोय, वाढलंयही. भाताची परात घेऊन ओळीतून फिरताना मनातला माज खरंच थोडा उतरतो.

तरी एक गोष्ट बोचते. अन्नछत्र पोचलेल्याला जेवू घालतं. अव्वा तिथवर पोचत नाही. रोज एसटीनं जायला पैसे नाहीत, गुडघे नाहीत आणि 'मी भुकेली आहे' हे चारचौघांत कबूल करायची तिची तयारी तर अजिबात नाही. रंतिदेवाच्या दारी जे आले त्यांना अन्न मिळालं. जे लाजेनं आलेच नाहीत, त्यांचं काय?

म्हणून मी श्लोक पुढे वाचत गेलो. तेरावा श्लोक ताटाबद्दल बोलतो. पण कृष्ण तिथे थांबत नाही. लगेच पुढच्या श्लोकात तो म्हणतो की प्राणी अन्नातून होतात, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून आणि यज्ञ कर्मातून. सोळाव्यात या सगळ्याला तो चाक म्हणतो आणि हे फिरतं चाक जो पुढे ढकलत नाही, त्याचं जगणं वाया गेलं असं सांगतो. ताटावरून तो सरळ चाकावर येतो. माझ्या भाषेत सांगायचं तर एका नोंदीवरून सगळ्या सिस्टिमवर. मी इतकी वर्षं तेराव्या श्लोकापाशी थबकून होतो, कारण तिथे मी दाता असतो. चौदाव्यापासून मी चाकातला एक आरा होतो. तिथे माझा फोटो निघत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला जाऊ. दामाजीपंतांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पंधरावं शतक, बिदरच्या बहामनी राज्याचा अंमल, भीषण दुष्काळ. दामाजी हे मंगळवेढ्याचे अंमलदार. सरकारी कोठार धान्यानं भरलेलं आणि बाहेर माणसं मरतायत. त्यांनी कोठार उघडलं. बिदरहून बोलावणं आलं. पुढे कथा सांगते की विठू महाराचं रूप घेऊन साक्षात पांडुरंग बादशहाच्या दरबारी गेला, धान्याची सगळी किंमत भरली आणि पावती घेतली. महिपतींनी १७६२ च्या 'भक्तविजय'मध्ये ही कथा सांगितली आणि ती घराघरांत गेली.

लहानपणी या कथेतला चमत्कार आवडायचा. आता पावती आवडते. नीट बघा. देव धान्य परत कोठारात आणू शकला असता. बादशहाची बुद्धी फिरवू शकला असता. पण कथा सांगणाऱ्यांनी देवाला हिशेब चुकता करायला पाठवलं. करुणा खरी असली तरी वहीत जमाखर्च जुळलाच पाहिजे, हे लोकमनाला पटलेलं होतं. आणि दुसरं, पुरावा कुणी दिला? कोठारासमोर उभ्या भुकेल्याला 'तू भुकेला आहेस हे सिद्ध कर' असं कुणी म्हटलं नाही. पावती आणायचं ओझं देवानं स्वतःवर घेतलं. आम्ही मात्र लॉकडाऊनमध्ये पाकिटाचा पुरावा अव्वाच्या चेहऱ्याकडे मागितला. यंत्र तो तिच्या अंगठ्याकडे मागतं.

याच मंगळवेढ्यात दामाजींच्या आधी तीनशे वर्षं महात्मा बसवेश्वर बिज्जलाच्या पदरी खजिन्याच्या हिशेबाला होते. राजाचा पैसा शरणांवर उधळतो असा आळ त्यांच्यावर आल्याच्या आणि तपासणीत खजिना तंतोतंत भरल्याच्या कथा आमच्या भागातल्या लिंगायत घरांत आजही सांगतात. त्यांचा शब्द 'दासोह'. दानात देणारा वर उभा असतो, दासोहात देणारा दास असतो. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या एकाच गावानं दोन संत दिले आणि दोघंही हिशेबनीस! वहीपाशी बसून देव भेटत नाही, असं म्हणणाऱ्या काकांना मी आता हे सांगेन म्हणतो.

पण दामाजींच्या कथेत एक भीतीही आहे. सगळं काही एका चांगल्या माणसावर अवलंबून होतं. त्यांच्या जागी दुसरा कुणी अंमलदार असता तर? कोठार बंदच राहिलं असतं आणि कथाही झाली नसती. अशा किती बंद कोठारांच्या कथा झाल्याच नाहीत, कोण मोजणार? माझ्या मते अन्नाचा कायदा म्हणजे दुसरं काही नाही : दामाजीपंत खुर्चीवर नसतानाही कोठार उघडावं, याची केलेली सोय.

ही सोय आपल्याकडे कशी होत गेली, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात तरुणांचा वाटा आहे आणि तो आपल्याला शाळेत नीट शिकवला गेला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात सरकारचं स्वतःचं एक पुस्तक होतं, फॅमिन कोड. दुष्काळ पडला की कामं काढायची, सारा तहकूब किंवा माफ करायचा, असे नियम त्यात होते. शेतकऱ्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता. टिळकांनी 'केसरी'तून ते नियम मराठीत समजावून सांगितले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते, त्यात शिकलेले तरुण होते, गावोगाव जाऊन लोकांना सांगू लागले की हे तुमच्यासाठी लिहिलेलं आहे, मागा. त्यांच्या हातात धान्याचं पोतं नव्हतं, नियमांचं पुस्तक होतं. सरकारला ते पोत्यापेक्षा जड वाटलं असावं, कारण १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली.

मग १९७२. ही माझ्या आजीची गोष्ट. सोलापूर जिल्हा होरपळलेला. आजी तेव्हा तरणी होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. परदेशातून आलेल्या मिलोच्या लालसर भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. राज्यभर ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. मी एकदा तिला म्हटलं, "म्हणजे सरकारनं तुम्हाला जगवलं." ती चिडली. "जगवलं कशाचं? खडी फोडली आणि खाल्लं."

तिच्या त्या वाक्यात रोजगार हमीचं सगळं तत्त्वज्ञान आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली ही कल्पना. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा लहान प्रयोग झाला होता. दुष्काळानं ती राज्यभर नेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशासाठी तशाच धर्तीचा कायदा आला. काम मागणाऱ्याला काम मिळणं ही मेहेरबानी नाही, हक्क आहे, असं कायद्यानं म्हणणारं आपलं राज्य देशात पहिलं.

आता तुमचं पगारपत्रक उघडा. खरंच उघडा. कपातीच्या रकान्यात 'प्रोफेशनल टॅक्स' दिसेल. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला आणि तो आला मुख्यतः रोजगार हमीचा खर्च भागवायला. शहरात पगार घेणाऱ्यानं खेड्यात खडी फोडणाऱ्याच्या मजुरीचा वाटा उचलायचा, असा तो विचार. मी दहा वर्षं ही ओळ 'अजून एक कपात' म्हणून बघत आलो. एकदा तर चहाच्या टेबलावर शिव्याही घातल्या.

मग हे २०० रुपये दान झालं का? गीतेच्या सतराव्या अध्यायातली सात्त्विक दानाची कसोटी लावून बघा. परतफेड करू न शकणाऱ्याला द्यावं, योग्य स्थळी, योग्य वेळी द्यावं आणि 'हे दिलंच पाहिजे' एवढ्याच भावनेनं द्यावं. पहिल्या अटी ही कपात कदाचित पूर्ण करते. शेवटच्या अटीत मी नापास, कारण माझा भाव रागाचा होता. म्हणजे पुण्य मला मिळालं नाही. पण मजुरी कुणाला तरी मिळाली! माझ्या रागानं तिच्या भाकरीचं पीठ कमी झालं नाही. आधी मला हे कोरडं वाटलं. आता वाटतं, यात केवढी करुणा आहे. भुकेल्याचं जेवण माझ्या मनःस्थितीवर ठेवलेलंच नाही.

तुम्ही म्हणाल, मग भावाची गरज काय? कायदा आहे, यंत्र आहे, चाललंय की. इथे मला माझ्याच धंद्याबद्दल बोलावं लागेल.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य हा हक्क केला, अंत्योदयच्या कुटुंबाला ३५ किलो. कार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख, असंही त्यानं लिहिलं. मला तर त्यात अन्नपूर्णाच दिसते. धान्याची चोरी होत होती, खोटी कार्डं होती, म्हणून यंत्रं आली. त्या यंत्रांनी चोरीच्या काही वाटा बुजवल्या, हे मी इंजिनिअर म्हणून नाकारणार नाही. पण काही वर्षांपूर्वी मी ओळख पटवण्याच्या एका कामावर होतो. रेशनचं नव्हतं, दुसऱ्याच क्षेत्रातलं. आढावा बैठकीत मीच अभिमानानं सांगितलं होतं : ९८ टक्के नोंदी जुळतात, उरलेले २ टक्के पुढच्या रिलीजमध्ये बघू. सगळे खूश. तो पुढचा रिलीज कधी आलाच नाही.

महाराष्ट्रात अन्न सुरक्षेच्या यादीत सुमारे ७ कोटी माणसं आहेत. सात कोटींचे दोन टक्के किती? १४ लाख. हा कुठल्या अहवालातला आकडा नाही. माझ्या जुन्या बेफिकिरीला सात कोटींनी गुणून बघितलं, इतकंच. आकडेवारीत अव्वा कुठे बसते हे मला त्या दिवशी कळलं. ती माझ्या दोन टक्क्यांत बसते.

२०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी गेली. घरचं कार्ड आधारशी जोडलेलं नव्हतं म्हणून रद्द झालं होतं. आई म्हणाली, भात मागत गेली. सरकारनं कारण आजाराचं सांगितलं. त्यानंतर त्याच ऑक्टोबरात केंद्रानं राज्यांना लिहून कळवलं की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही, एवढ्या कारणावरून कुणाला परत पाठवू नये. नियम आहे. पण तो नियम दुकानात, त्या क्षणी, रांग मागे खोळंबलेली असताना, कुणीतरी आठवावा लागतो. १८९६ च्या त्या पोरांनी जे केलं तेच माझा मामेभाऊ करतो. पुस्तकात लिहिलेलं माणसापर्यंत नेतो.

म्हणून काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. टेबलाच्या पलीकडेही देव दिसतो, पण तो नाकारलेल्या नोंदीत बघावा लागतो. ९८ टक्के हिरवे असताना लाल दोघांचं नाव काय, हे विचारणारी नजर रंतिदेवाचीच आहे. ती फक्त दारापाशी न थांबता यादीपर्यंत गेली. आणि उलटही खरं. यादीच्या कामात अहंकार नाही असं कुणी समजू नये. 'मी हक्क मिळवून दिला' हाही एक फोटोच आहे, फक्त मनात काढलेला. शिवाय आज रात्री जो उपाशी आहे त्याला शासन निर्णयाची वाट बघायला सांगता येत नाही. त्याला आज पंगतच हवी. अन्नछत्र आजची भूक भागवतं, कायदा उद्याची. भक्तानं यातलं एक निवडायचं नाही. पंगतीत वाढताना उद्या हा माणूस कुठे जेवेल हे मनात यावं आणि फॉर्म भरताना आज हा जेवलाय का, हे विचारावं.

अव्वाचं पुढे काय झालं? कार्ड झालं, बाराअंकी नंबर आला, अंगठ्याचं बरेच दिवस अडलं, मग दुसऱ्या मार्गानं ओळख पटली. महिन्याला ५ किलो, २०२३ पासून तेही मोफत. दिवसाला १६६ ग्रॅम. मी हिशेब केला आणि भावाला म्हटलं, "इतक्या खेपा घातल्या त्या १६६ ग्रॅमसाठी? आपलं पाकीट याच्या दुप्पट होतं." तो म्हणाला, "दादा, या महिन्यात ती मला न सांगताच जाऊन धान्य घेऊन आली. मला तिसऱ्या दिवशी कळलं." हे सांगताना तो इतका खूश होता, की त्याचं अभिनंदन करायचंही मला सुचलं नाही. ज्याच्यासाठी धावलो त्याला आपली गरज उरली नाही, याचा आनंद मला अजून तरी झालेला नाही. मला अजून फोटोखालचे जोडलेले हात आठवतात.

निघायच्या दिवशी अव्वाच्या दारावरून गेलो. तिनं हाक मारली, "ऊट आतेनु?" मी सवयीनं "आतु" म्हणालो. त्या फोटोबद्दल माफी मागायची होती. नाही मागितली. पुढच्या खेपेला मागायची आहे. इथे लिहून ठेवतो, म्हणजे टाळता येणार नाही.

आजचा संकल्प

एक. तुमच्या सोसायटीचे वॉचमन, घरकामाच्या ताई, बांधकामावरचे मजूर यांचं कार्ड गावाकडे असेल तर त्यावरचं धान्य आता इथल्या रास्त भाव दुकानातही घेता येतं. अनेकांना हे माहीत नसतं. शेजारी बसून मोबाइलवर त्यांच्याबरोबर तपासा. फोटो काढू नका.

दोन. या महिन्याच्या पगारपत्रकात त्या २०० रुपयांपाशी क्षणभर थांबा आणि मनात म्हणा, 'हे दिलंच पाहिजे.' कपात तीच राहील. भाव बदलला तर ते तुमचं दान होईल.

तीन. तुम्ही कुठलीही यादी, फॉर्म किंवा यंत्रणा बनवत असाल, तर 'जुळलं नाही' या संदेशानंतर तो माणूस कुठे जातो, हे एकदा स्वतः त्याच्या मागे जाऊन बघा. मी उद्या ऑफिसात हेच विचारणार आहे. दोन टक्क्यांचं काय झालं?

स्वामीराया, आमच्या हातून पंगत वाढली जावो आणि आमच्या वह्या जुळोत. पुरावा द्यायची वेळ आली तर तो आम्हाला माग, भुकेल्याला मागू नकोस.

उद्याचं वाचन : अध्याय ३, श्लोक १७ ते १९.

श्री स्वामी समर्थ.